राणीला सिरका, अंगुरीला मेंदी

कांडीमावशी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. नवा माणूस कारखान्याच्या दारात उभा राहिला की तिची मान वर न जाता खाली जायची आणि नखांवरून ती त्याचा धंदा सांगायची. नखांच्या कडेला निळी-लाल रेघ असली की डाइंगवाला. अंगठ्याचं नख काळंनिळं असलं की गोदामातला हमाल, पायावर खोका पडलेला. बोटं पंख्यासारखी फाकलेली असली की लूमवर उभा राहणारा कारीगर. एकदा विजेचं मीटर बघायला चकचकीत बूट घातलेले एक साहेब आले. मावशीने त्यांच्या बुटांकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "साहेब, तुमी काय काम करता, ते कसं कळावं मानसाला?" साहेब म्हणाले, "मी बिल देतो." मावशी म्हणाली, "मंग बराबर हाय. झाकूनच ठेवा."

आमची इमारत भिवंडीत कामतघरला, आणि तिच्या पाठीला पाठ लावून तो कारखाना होता. रंगीत लुंग्यांचं कापड तिथे निघायचं. लूमच्या धोट्यात सुताची छोटी नळी बसते, तिला कांडी म्हणतात. त्या कांड्या मशीनवर भरायचं काम मावशीचं. त्याआधी बरीच वर्षं ती डाइंगमध्ये होती, रंगाच्या पाण्यात अनवाणी. तिच्या स्वतःच्या दहाही नखांची हळकुंडं झाली होती, जाड, पिवळी, वाकडी. ती कधी लपवायची नाही. मशीनसमोर पाय पसरून बसायची आणि कुणाची नजर गेलीच तर म्हणायची, "बघ, बघ. फुकट हाय."

मी नेमकी उलट. वडप्याला एका मोठ्या गोदामात आलेला माल तपासून नोंदवायचं काम मी करते. तिथे पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज लागतात आणि ड्युटी संपेपर्यंत ते काढायचे नसतात. पहिल्याच वर्षात उजव्या पायाची तीन नखं बिघडली: अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि करंगळी. आधी पांढरट झाली, मग पिवळी, मग भुगा पडायला लागला. मी कुणाला सांगितलं नाही. घरातही मोजे घालून वावरायला लागले. आईला वाटलं मला हल्ली थंडी वाजते. तिने मला नवे लोकरीचे मोजे आणून दिले.

मावशी आमच्या गच्चीवर सांडगी मिरच्या वाळत घालायला यायची. एके दिवशी मी तिथे वाळलेले कपडे काढायला गेले होते. तिने माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे बघितलं.

"पायानं काय चोरी केली का गं बाय? तोंड बांधून ठेवलंस ते?"

मी पाय मागे घेतला.

"काढ."

मी मोजा का काढला, मला अजून सांगता येत नाही. आईसमोर कधी काढला नव्हता. मावशीने खाली बसून पाय मांडीवर घेतला आणि शिंपी कापड बघतो तसा उलटसुलट करून बघितला. तिला कीव आली नाही, किळसही आली नाही. ती चक्क खूश झाली.

"तीन हायत! झ्याक."

झ्याक कशासाठी, ते तिने मिरच्या पसरता पसरता सांगितलं. शेठ लूम भंगारात काढणार होता. उन्हाळ्यापर्यंत कारखाना चालेल, पुढे नाही. मावशीचा नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मूल नव्हतं. जायचं म्हटलं तर शहापूरकडे डोंगराखालच्या गावात भावाचं घर होतं. भाऊ कधी काही बोलत नसे. बोलायची ती वहिनी. भाताच्या चिखलात उभं राहून राहून तिचीही नखं गेली होती. तिने फोनवर सांगून ठेवलं होतं, "वन्सं, भिवंडीत इतकी वर्सं काढली, जगाचं पाय बघता म्हनं. मंग माज्या पायाला औषिद घेऊन या. का नुसत्याच येताय?"

"नुसती गेले ना," मावशी मला म्हणाली, "तं दोन महिने पाव्हनी, मंग वज्जं. औषिद घेऊन गेले तं घरातली."

औषधं तिला भरपूर माहीत होती, अडचण तीच होती. ती येईल जाईल त्याला विचारायची. उत्तरेकडच्या कारीगरांशी ती हिंदीत बोलायची. एकदा जेवायला बसलेल्या एकाला ती म्हणाली, "भय्या, जरा पाव दिखाव." त्याने निमूटपणे डब्यातला पाव काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला आणि मग त्याचे पाय बघितले. कुणी तिला सिरका, म्हणजे व्हिनेगर, सांगितला, कुणी मेंदीचा लेप, गावाकडच्यांनी करंजाचं तेल. "जो तो म्हनतो माजंच खरं," ती म्हणाली. "मंग मी वयनीला काय देऊ? तिन्ही देऊन हसं करून घेऊ? मला एकच पायजे, पन पक्कं. येकाच पायाची तीन नखं गेलेली, अशी तूच गावलीस."

"तुमच्या पायावर बघा ना," मी कसंबसं म्हटलं. मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणायचे. मनात ती पहिल्यापासून 'तू'च होती.

"मळक्या कापडावर रंग कळतो का?"

तिने पिशवीतून रंगीत सुताचे तीन तुकडे काढले, दातांनी सारखे तोडले आणि माझ्या बोटांना बांधले. अंगठ्याला गडद गुलाबी, शेजारच्या बोटाला फिका हिरवा, करंगळीला काळपट हिरवा. मग एका दमात म्हणाली, "ध्यानात ठेव. राणीला सिरका, अंगुरीला मेंदी, मेंदीला करंज. रोजच्या रोज. ऐतवारी मी बघीन. कळलं?"

मी मान हलवली. मला कळो न कळो, मी मान हलवते. इंग्रजी शाळेत मराठीच्या तासाला लागलेली सवय आहे ती.

मला कळलं ते असं. राणी म्हणजे मी. मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यात आधी लक्षात राहिलं. राणीला सिरका, म्हणजे मी पाय सिरक्याच्या पाण्यात बुडवायचा. अंगुरी म्हणजे उंगली. आमच्या भागात हिंदी-मराठीची सरमिसळ असतेच. तर बोटांना मेंदी लावायची. आणि मेंदीला करंज, म्हणजे मेंदी कालवायची ती करंजाच्या तेलात. सगळं नीट बसत होतं. दोरे बहुतेक दृष्ट लागू नये म्हणून असतील.

गणपती झाल्यावर आम्ही सुरुवात केली. मी संध्याकाळी ड्युटीवरून आले की न्हाणीघराची कडी लावायचे, पाय सिरक्यात बुडवायचे आणि मग तिन्ही बोटांना तेलातल्या मेंदीचा लेप द्यायचे. आई बाहेरून विचारायची, "लोणचं सांडलंय का गं तिकडे?" दर रविवारी मावशी गच्चीवर पाय मांडीवर घ्यायची. दोरा सुटला असला की त्याच रंगाचा नवा बांधायची. तीनही नखं केशरी झालेली बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. मग डाइंगमधल्या अनुभवाने स्वतःच निकाल दिला, "मेंदी पळाली वाटतं. कच्चा रंग." मी मान हलवली.

"बरं होईल" हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. तिचा शब्द होता, "बघू, पक्कं हाय का." कारखान्यातल्या कुणाचा ताप उतरला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला वडप्याला नोकरी लागली, की ती हेच म्हणायची. पहिल्या धुण्यात रंग टिकला तरच तो रंग, असा तिचा हिशेब. दर रविवारी ती नखावर बोट फिरवत राहायची आणि मी गच्चीवरून दिसणारे पत्रे बघत राहायचे. मला कुणी हात लावलेला आवडत नाही. तिचा चालायचा. त्याचा अर्थ काय, हेही मला त्या वेळी कळलं नव्हतं.

होळीनंतर करंगळीचं नख मुळापासून नवं आलं. गुलाबी, पातळ, लहान मुलाचं असावं तसं. मावशीने माझा पाय उन्हाकडे धरला. मी पडता पडता राहिले.

"मेंदीला गुण आला! अगं बाय, मेंदीला गुण आला!"

ती तशीच खाली पळाली. लूमच्या खडखडाटावर आवाज काढून तिने सगळ्या कारखान्याला ते सांगितलं. वहिनीला फोन लावला आणि त्यातही ओरडली, "वयनी, औषिद गावलं! पक्कं!"

मला आनंद झाला, आणि तेवढाच गोंधळ. तिन्ही बोटांना मी तेच लावत होते. मग अंगठा आणि शेजारचं बोट तसंच कसं? त्याहून मोठं कोडं पुढे पडलं. मेंदीला गुण आला म्हणाली होती ना ही? मग ती करंजाच्या बिया का गोळा करत सुटली? सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन ती नारपोलीच्या रस्त्यापर्यंत जायची आणि करंजाच्या झाडाखाली वाकून बिया वेचायची. त्या गच्चीवर वाळल्या, फोडल्या गेल्या, घाण्यावर गेल्या. घाणेवाल्याकडे तिने किती चकरा मारल्या! शेवटी एक पाच लिटरचा कॅन भरला, काळपट पिवळ्या, उग्र वासाच्या तेलाने. मी रोज बघत होते. विचारलं नाही. एवढे महिने मान हलवल्यानंतर विचारणार कसं?

उत्तर आपोआप मिळालं, कॅन अर्धाही भरला नव्हता तेव्हा. आईने तिच्यासाठी दिलेला डबा घेऊन मी कारखान्यात गेले होते. मावशीची पाठ माझ्याकडे होती. तिच्या जोडीला कांड्या भरणारी बाई सुताचे कोन देत होती.

"राणी संपली गं," मावशी ओरडली. "अंगुरी दे. अगं ही न्हाय, ही मेंदी हाय, गडद दिसत न्हाय का? अंगुरी दे, अंगुरी!"

त्या बाईने काळपट हिरवा कोन खाली ठेवला आणि फिका हिरवा दिला. द्राक्षाच्या रंगाचा.

मी डबा दारातच ठेवून परत आले. राणी, अंगुरी, मेंदी. सुताचे रंग होते ते. प्रत्येक दोऱ्याला एक औषध होतं. ज्या करंगळीवर मावशीने करंजाची परीक्षा घेतली, तिला मी सिरका, मेंदी, करंज सगळंच फासलं होतं. आणि राणी मी नव्हते.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी महिनाभर सांगितलं नाही. तेवढ्यात अंगठा दुखायला लागला, आईने एकदाचा मोजा उतरवून बघितला आणि मला ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नखाचे तुकडे तपासायला पाठवले. अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात बुरशी निघाली. रक्त तपासून गोळ्या सुरू करायच्या, काही महिने घ्यायच्या, वरून लेप लावून बुरशी इतक्या आतून जात नाही, असं ते म्हणाले.

"आणि करंगळी?" मी विचारलं.

त्यांनी बोट दाबून बघितलं. "हिला बुरशी झाल्यासारखं काही वाटत नाही. बूट घासून नख गेलं असेल, नवं आलं. त्याला औषध कशाला?"

म्हणजे गुण आलाच नव्हता. जिथे रोग नव्हता तिथे तो बरा झाला होता, आणि त्याच्या जोरावर मावशी पाच लिटर तेल घेऊन भावाच्या दारात उभी राहणार होती. वहिनीच्या नखाला महिन्या-दोन महिन्यांत काही झालं नाही, की मग काय? पाहुणी आणि मग ओझं, हे तिचेच शब्द होते.

ती मंगळवारी निघणार होती. सोमवारी मी कारखान्यात गेले. अर्धे लूम उचलून नेले होते. जिथे ते होते तिथे जमिनीवर तेलाचे चौकोन उरले होते. मावशी आपलं बोचकं बांधत होती. मी वाक्यं आधी मनात इंग्रजीत जुळवली, मग मराठीत आणली.

"मावशी, तुमचं औषध मी चुकीचं लावलं."

"कसं चुकीचं?"

"अंगुरी म्हणजे मला बोट वाटलं."

तिचे हात थांबले. "बोट?" मग ती जी हसायला लागली. "अंगुरी म्हंजे बोट! आन् मेंदी गं?"

"मेंदी म्हणजे मेंदी. ती करंजात कालवायची, असं वाटलं."

"आगं आये गं!" तिने पदर डोळ्यांना लावला. "आन् राणी?"

"सिरक्यात पूर्ण पाय बुडवला," मी म्हटलं. राणीचं खरं सांगितलं नाही.

मग मी बाकीचं सांगितलं. तिन्ही बोटांना तिन्ही औषधं. डॉक्टर. करंगळीला रोगच नव्हता. लूमचं बटण बंद केलं तरी तो लगेच थांबत नाही, आणखी दोन-चार हात मारतो. तसं तिचं हसू हळूहळू थांबलं.

"म्हंजे करंज न्हाय."

"माहीत नाही. कशानेच काही झालं नाही बहुतेक."

"हे तुला कवा कळलं?"

"रंगांचं... महिना झाला."

"म्हयना." ती कॅनकडे बघत होती. "म्हयनाभर मी घान्यावर चकरा मारत व्हते, तवा तू काय करत व्हतीस?"

"बघत होते."

"बघत व्हती म्हनं."

मी घाईघाईने म्हटलं की वहिनींना इकडे आणा, मी सुट्टी काढते, आपण त्याच डॉक्टरांकडे जाऊ. ती म्हणाली, "अगं, आदी मला घरात तं घेऊ दे तिला." आणि पुन्हा बोचकं बांधायला लागली. पुढे ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत पुढे बसून गेली. कॅन तिच्या मांडीवर होता. आईने विचारलं, "एवढं तेल कशाला नेताय?" तर म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊ?" ती रागावली होती की नव्हती, मला ठरवता येईना. कारण टेम्पो सुरू झाल्यावर ती माझ्याविषयी बोलली, पण आईशी. "पोर गुनाची हाय. पन तिला एकडाव इचारून सोडू नका. चारदा इचारा. पयल्यांदा नुस्ती मान हलवती."

मी फोन करायला धजले नाही. फोन तिचाच आला, भाताची लावणी उरकल्यावर. मागे कोंबड्यांचा आवाज होता.

"वयनीला दारातच खरं सांगून टाकलं," ती म्हणाली. "म्हनलं, तेल आनलंय, पन गुन येतो का न्हाय मला म्हाईत न्हाय. येका पोरीच्या पायावर बघितलं, पन ती पोर मराठी इंग्रजीत ऐकती."

"मग?"

"मंग काय. ती म्हनली, तुमालाच म्हाईत न्हाय, तं मी कशाला हात बरबटवू? तुमीच लावा."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला वहिनी ओट्यावर बसते आणि पाय मावशीच्या मांडीवर देते. मावशी एकेका नखाला तेल चोळते. "ती बोलती गं," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "इतक्या वर्सांत माज्यासंगं मनातला येक शबूद बोलली न्हवती. आता नवऱ्याचं, सुनंचं, म्हायेरचं समदं सांगती. कवा कवा तितंच झोपती."

"आणि नख?"

"नख व्हतं तसंच हाय."

मी तिला सांगितलं की माझ्या गोळ्या सुरू आहेत, अंगठ्याच्या मुळाशी स्वच्छ नख दिसायला लागलंय, वहिनींनाही नक्की उपयोग होईल. मागून बाईचा आवाज आला, "वन्सं, येताय ना? बसले मी." मावशी ओरडली, "आले, आले!" आणि मला हळूच म्हणाली, "आनते की तिला. भात कापून झालं की आनते."

भात कापून झालं. मी फोन केला, तर म्हणाली, वाल निघाले की. वाल निघाल्यावर केला, तर म्हणाली, थंडी सरली की, थंडीत तिचे पाय फुटतात. मी हल्ली पहिल्या उत्तराला मान हलवत नाही. दर वेळी पुन्हा विचारते, कधी, कुठल्या आठवड्यात, मी सुट्टी टाकू का. ती हसते आणि माझ्या अंगठ्याची चौकशी करते. पण वहिनींचं नख बरं व्हावं असं तिला वाटतं की नाही, एवढं मला अजून विचारता आलेलं नाही.